तेलाचा पिपा: १५ किलोचा घ्यावा की १५ लिटरचा?

बर्डीवाली (सोमवार, रात्री ९:५०)

घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. तेल नागपूरच्या इतवारी बाजारातून पिप्यानं आणते. या खेपेला दुकानात एकाच ब्रँडचे दोन पिपे शेजारी शेजारी दिसले. एकावर १५ लिटर छापलेलं, दुसऱ्यावर १५ किलो. लिटरवाला २१०० ला, किलोवाला २२५० ला (आकडे सोयीसाठी गोल केलेत). दुकानदार म्हणे, "ताई, दोन्ही एकच, स्वस्तवाला घेऊन जा."

एकच आहे तर दोन वेगळे छापतात काऊन? मोबाईलवरच्या कन्व्हर्टरमध्ये १५ लिटर टाकले तर तो १५ किलो दाखवतो. म्हणजे दुकानदार खरा. पण मन मानत नाही. लिटरचे किलो करायला नेमकं कशानं गुणायचं असतं?

---

ठेचा_भाकर (सोमवार, रात्री १०:०२)

मन मानत नाही म्हणजे मन बरोबर आहे. पिपा तोलून पाहा ना ताई, इतक्यासाठी धागा काऊन काढला 😀

---

निवृत्त_मास्तर (सोमवार, रात्री १०:४०)

धागा काढला ते बरंच झालं. हा प्रश्न विज्ञान शाखेतून पास झालेल्यांनाही अडतो.

कन्व्हर्टर खोटं बोलला नाही, त्यानं पाणी गृहीत धरलं. लिटर हे जागेचं माप, किलो हे मालाचं. लिटरचे मिलिलिटर करायला कुणाला काही विचारावं लागत नाही, हजारानं गुणलं की झालं. लिटरचे किलो करायचे तर आधी विचारावं लागतं, "लिटर कशाचं?" आपल्याकडं धान्य पायलीनं मोजायचे तेव्हा हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे तराजूत सारखे उतरत नाहीत.

या "कशाचं" च्या उत्तराला घनता म्हणतात. एका लिटरात किती किलो माल मावतो ती घनता.

किलो = लिटर × घनता
लिटर = किलो ÷ घनता

पाण्याची घनता लिटरला १ किलो. खाद्यतेलाची ०.९१ ते ०.९२. म्हणून एक लिटरच्या तेलाच्या पुड्यावर बारीक अक्षरात ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं, स्वयंपाकघरात जाऊन बघा.

आता तुमचे पिपे.

१५ लिटर × ०.९१ = १३.६५ किलो. २१०० ÷ १३.६५ = किलोला सुमारे १५३.८५ रुपये.
१५ किलोवाला: २२५० ÷ १५ = किलोला १५० रुपये.

महाग दिसणारा पिपा स्वस्त आहे. त्यात तेल १५ ÷ ०.९१ म्हणजे जवळजवळ साडेसोळा लिटर आहे. तुमचा दुकानदार मुद्दाम फसवत असेल असं मला वाटत नाही, त्यालाही माहीत नसावं. पण दोन पिप्यांत सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक आहे आणि तो "एकच" नाही.

---

ठेचा_भाकर (सोमवार, रात्री १०:५५)

मास्तर, तुमी दुकानदाराले फारच सभ्य समजून राह्यले. इतवारीत पिढ्यान् पिढ्या तेल इकणाऱ्याले किलो-लिटर समजत नाही म्हंता?

---

पहिलं_वर्ष_पॉलिटेक्निक (सोमवार, रात्री ११:१५)

सर, एक शंका. आमच्या पुस्तकात तेलाची घनता ९१० दिली आहे आणि तुम्ही ०.९१ म्हणता. वर्गात एकानं सांगितलं की मीटरचे १०० सेंटिमीटर, म्हणून घनमीटरचे १०० घनसेंटिमीटर, तसं करून बघितलं तर उत्तर भलतंच येतं.

---

निवृत्त_मास्तर (मंगळवार, सकाळी ७:१०)

येणारच. लांबी एका दिशेला असते, आकारमान तिन्ही दिशांना. घनमीटरचा खोका डोळ्यांपुढं आण: लांबी १०० सेंमी, रुंदी १०० सेंमी, उंची १०० सेंमी. १०० × १०० × १०० = १०,००,००० घनसेंटिमीटर. दहा लाख! शंभर म्हणणाऱ्या मित्रानं खोक्याची फक्त एक कड मोजली.

मधली पायरी डेसिमीटरची. १ डेसिमीटर म्हणजे १० सेंमी. १० × १० × १० = १००० घसेंमी, हा एक घनडेसिमीटर, आणि हाच एक लिटर. म्हणून १ घसेंमी = १ मिलि, आणि १ घनमीटर = १००० लिटर. मिलिमीटरपर्यंत उतरायचं तर १ घसेंमी म्हणजे १००० घनमिलिमीटर. आकारमानात प्रत्येक पायरीला तीन शून्यं लागतात, तिथंच सगळे घसरतात.

आता घनता. पाण्याच्या एका घसेंमीचं वजन १ ग्रॅम. घनमीटरात असे दहा लाख घसेंमी, म्हणजे दहा लाख ग्रॅम, म्हणजे १००० किलो. म्हणून

१ ग्रॅम/घसेंमी = १ किलो/लिटर = १००० किलो/घनमीटर

पहिल्या दोन्हींत आकडा बदलतच नाही, कारण ग्रॅमपासून किलोपर्यंत आणि घसेंमीपासून लिटरपर्यंत, दोन्ही बाजूंना हजारच पट झाली. तुझं पुस्तक किलो/घनमीटर वापरतं म्हणून ९१०, मी किलो/लिटर वापरलं म्हणून ०.९१. तेल तेच. परीक्षेत आकड्यापुढं एकक लिहिलं नाहीस तर मीसुद्धा शून्य देईन.

---

लॅबमधला_उंदीर (मंगळवार, दुपारी १:२०)

मास्तरांच्या "हाच एक लिटर" ला थोडा इतिहास जोडतो. १९०१ साली लिटरची व्याख्या वेगळी केली होती: जास्तीत जास्त घनतेच्या, म्हणजे ४ अंशांच्या आसपासच्या, १ किलो शुद्ध पाण्याला लागणारी जागा. पुढं ती जागा घनडेसिमीटरपेक्षा किंचित मोठी भरली, १.००००२८ पट. इतक्या फरकानं स्वयंपाकघरात काही बिघडत नाही, पण प्रयोगशाळांना तो खुपायचा. १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द झाली आणि लिटर म्हणजे सरळ घनडेसिमीटर ठरलं.

आणि पाण्याची घनता १ हीसुद्धा ४ अंशांची गोष्ट. ३० अंशांना ती ०.९९५७ असते, ४० अंशांना ०.९९२२. नागपुरात ४ अंशांचं पाणी फ्रिजमध्येच भेटेल.

ताईंच्या तेलाबाबत खरी मेख हीच, तापमानाची. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं तेल कंपन्यांना सांगितलं की पाकिटावर लिटरबरोबर तापमान छापू नका, आणि लेबलं सुधारायला १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. का, तर काही कंपन्या चक्क ६० अंशांचा उल्लेख करत होत्या. तापलेलं तेल फुगतं, कमी तेलात लिटर भरतो. विभागानं उदाहरण दिलं होतं सोयाबीन तेलाचं: २१ अंशांना एक लिटर ९१९ ग्रॅम, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. लिटरमागे २६.४ ग्रॅमचा फरक. १५ लिटरच्या पिप्याला ३९६ ग्रॅम, जवळजवळ चारशे ग्रॅम तेल नुसत्या छापील अंशांत गेलं!

याच दोन आकड्यांवरून नागपूरचा हिशेब निघतो. ३९ अंशांत २६.४ ग्रॅम, म्हणजे अंशामागे साधारण ०.६८ ग्रॅम. डिसेंबरात पहाटे १२ अंशांना तेच एक लिटर ९२५ ग्रॅम भरेल, मे महिन्यात दुपारी ४५ अंशांना ९०३. वजन मात्र बारा महिने तेच. माझं मत विचाराल तर तेल लिटरनं विकूच नये.

---

बर्डीवाली (मंगळवार, दुपारी ३:०५)

बापरे. म्हणजे पुड्यावर दोन आकडे असले तर ग्रॅमवाला वाचायचा. कळलं. आता तुपाचंही असंच का?

---

लॅबमधला_उंदीर (मंगळवार, दुपारी ३:३०)

हो. पातळ तूप तेलासारखंच, ०.९१ च्या आसपास. दूध उलट, पाण्याहून जड: १.०२८ ते १.०३२. लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजायची नळी) ३० दाखवतो तेव्हा तो १.०३० सांगत असतो, पुढचा एक आणि शून्य गाळून. म्हणून अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीतलं दूध ५१५ ग्रॅमच्या आसपास असतं.

---

दवाखाना_ड्युटी (मंगळवार, सायंकाळी ६:१०)

मेडिकल चौकातून वाचतेय. सिरिंजवरचा "सीसी" म्हणजे घनसेंटिमीटर, तोच मिलि. नातेवाईक दरवेळी विचारतात म्हणून सांगून टाकलं.

पण इन्सुलिनच्या सिरिंजवर मिलि नसतात, युनिट असतात, आणि आपल्याकडं १ मिलिमध्ये ४० युनिटवालं आणि १०० युनिटवालं अशी दोन्ही इन्सुलिनं मिळतात. बाटलीवर जो आकडा आहे त्याचीच सिरिंज घ्या. तिथं मनानं गणित करू नका.

---

रेती_गिट्टी (मंगळवार, रात्री ८:४५)

मास्तर, आमच्या धंद्यात तुमची पुस्तकातली घनता चालत नाही. रेतीचा दाणा २.६५, पण ट्रकात भरलेली कोरडी रेती १.६ च्या जवळपास. बाकी जागा हवेची. म्हणजे तुम्ही रेती घेता तेव्हा दर दहा घमेल्यांतली चार घमेली हवा घेता 😄

अन् आम्ही मोजतो ब्रासमध्ये. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. २.८३ × १.६ = साडेचार टन. धरमकाट्यावर दोन ब्रासचा ट्रक नऊ टन माल दाखवतो का, तेवढं बघायचं. त्याहून फार कमी दाखवला तर माप कमी आहे, फार जास्त दाखवला तर पाणी आहे.

---

नंदनवनकर (मंगळवार, रात्री ९:२०)

पाण्यावरून आठवलं. घर बांधताना दोन ब्रासचा ट्रक स्वतः टेप लावून मोजला होता. ११ फूट × ६.५ फूट × २.८ फूट, बरोबर २०० घनफूट भरला. रेती ओलसर होती. अंगणात टाकली, उन्हात वाळली, अन् ढीग बसला. पुरवठादार म्हणे उडून गेली असेल.

---

रेती_गिट्टी (मंगळवार, रात्री ९:५०)

उडाली नाही भाऊ, फुगलेली होती. कोरडी रेती मापात खरी. तिला चार-पाच टक्के ओल लागली की दाण्याभोवती पाण्याची पातळ साय धरते आणि दाणे एकमेकांपासून लांब राहतात. आकारमान वीस-पंचवीस टक्के वाढतं, बारीक रेतीत त्याहून जास्त. पूर्ण पाण्यात बुडवली तर साय मोडते अन् रेती पुन्हा मूळच्या मापाला येते. तुमच्या दोन ब्रासमध्ये पंचवीस टक्के फुगवटा धरला तर खरी रेती २ ÷ १.२५ = १.६ ब्रास.

तपासणं सोपं आहे. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत ओलसर रेती २०० मिमीपर्यंत सैल भरा. मग पाणी ओतून काडीनं हलवा आणि बसू द्या. १६० वर आली तर २०० ÷ १६० = १.२५, पंचवीस टक्के फुगवटा. ट्रक खाली करायच्या आधी करा, नंतर करून काय फायदा.

---

नंदनवनकर (मंगळवार, रात्री १०:०५)

मग सरळ वजनावर घ्यावी ना!

---

रेती_गिट्टी (मंगळवार, रात्री १०:२०)

घ्या. मग नदीतून निथळत आलेला ट्रक घ्याल, नऊ टनांत दहा टक्के पाणी असलं तर नऊ क्विंटल पाण्याचे पैसे द्याल. ओलसर रेतीत माप फसवतं, निथळत्या रेतीत वजन फसवतं. कोरडी बघून घ्या, नाहीतर बरणी जवळ ठेवा. मी ठेकेदार असून हे सांगून राहिलो, कारण माझ्या काँक्रीटमध्येही तीच गडबड होते. मिस्त्री सिमेंटच्या एका पोत्याला मापाच्या दोन पेट्या रेती टाकतो, ओलसर रेतीत त्या दोन पेट्या खऱ्या १.६ च भरतात.

पेटीचंही सांगतो. सिमेंटची सैल घनता १४४० किलो/घनमीटर धरतात. पोतं ५० किलोचं, ५० ÷ १४४० = ०.०३४७ घनमीटर, म्हणजे ३५ लिटरला थोडं कमी. म्हणून मापाची पेटी ३५ लिटरची करतात. घमेल्यानं मोजणाऱ्या मिस्त्रीवर माझा विश्वास नाही, घमेलं कधी शिगोशीग असतं कधी सपाट.

---

पहिलं_वर्ष_पॉलिटेक्निक (मंगळवार, रात्री १०:४०)

काका, सळईचं वजन व्यास × व्यास ÷ १६२ असं साइटवर म्हणतात, ते कुठून आलं?

---

रेती_गिट्टी (मंगळवार, रात्री ११:००)

मला पाठ आहे, कुठून आलं ते मास्तर सांगतील. १२ मिमीची सळई: १४४ ÷ १६२ = मीटरला ०.८८९ किलो.

---

निवृत्त_मास्तर (बुधवार, सकाळी ६:५०)

तेही घनतेचंच. पोलादाची घनता ७८५० किलो/घनमीटर. मिमी व्यासाच्या गोल सळईचं क्षेत्रफळ ०.७८५४ × व्यास² चौरस मिमी. चौरस मिमीचे चौरस मीटर करायला दहा लाखांनी भागा, ७८५० नं गुणा, एक मीटर लांबी धरा. ०.७८५४ × ७८५० ÷ १०,००,००० = ०.००६१६५. एकाला यानं भागलं की १६२.२. ते १६२ म्हणजे पोलादाची घनता आणि एककांची बदलाबदली, एकाच आकड्यात कोंबलेली. तांब्याच्या तारेला हे लावशील तर चुकेल.

---

पंपावरचा (बुधवार, दुपारी १२:१५)

पेट्रोलचं कुणी बोललं नाही अजून. पंपावर घनता लिहिलेली असते ती १५ अंशांवर आणलेली. बीएस-६ पेट्रोलची मर्यादा ७२० ते ७७५ किलो/घनमीटर, त्याच १५ अंशांना. टँकर आला की हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) आणि थर्मामीटर एकत्र बुडवतो. समजा ३५ अंशांना ७२८ आली. कोष्टकातून १५ अंशांवर नेली की ७४५ च्या जवळ येते, कारण पेट्रोल अंशामागे ०.८ ते ०.९ किलोनं हलकं होतं. टँकरसोबत आलेल्या चलनावरच्या आकड्यापेक्षा ३ हून जास्त फरक असला तर माल उतरवून घ्यायचा नाही.

गिऱ्हाईक आमच्याकडं हायड्रोमीटर मागू शकतं. ५ लिटरचं शिक्का मारलेलं मापही मागा, त्यात २५ मिलिपर्यंतचा फरक चालतो. फार कमी लोक मागतात. मागणारे मात्र नेमके गर्दीच्या वेळी येतात.

---

ठेचा_भाकर (बुधवार, दुपारी १२:३०)

मंग सकाळी थंडीत पेट्रोल भरलं की जास्त भेटते, हे खरं का खोटं? आमचा मोठा भाऊ तर पाचलेच गाडी काढते.

---

पंपावरचा (बुधवार, दुपारी १२:५०)

टाकी जमिनीखाली असते दादा. वर ४५ असो की २५, खालच्या पेट्रोलचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. ३ अंशांचा फरक धरला तरी ५ लिटरमागे पंधरा-वीस मिलि, म्हणजे दोनेक रुपये. भावाला झोपू द्या.

---

संत्रानगरी (बुधवार, सायंकाळी ५:४०)

पेपरात तोतलाडोह धरणाचा साठा दलघमीत (दशलक्ष घनमीटर) येतो, पश्चिम महाराष्ट्राच्या धरणांचा टीएमसीत. जुळवायचं कसं?

---

निवृत्त_मास्तर (बुधवार, सायंकाळी ६:३०)

१ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, २८.३२ दलघमी. दलघमीला २८.३२ नं भागा. हजार दलघमी म्हणजे साधारण ३५ टीएमसी. १ दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर, म्हणजेच पाणीपुरवठ्याच्या भाषेत १००० एमएलडी (दिवसाला दहा लाख लिटर म्हणजे १ एमएलडी) एका दिवसाचे.

लिटर लवकर काढायचे असतील तर माप डेसिमीटरमध्ये घ्या, मीटरमध्ये नको. कूलरची टाकी ७ × ७ डेसिमीटर आणि पाणी दीड डेसिमीटर: ७ × ७ × १.५ = ७३.५ लिटर. शून्यं मोजावीच लागत नाहीत. तेच पाणी गच्चीतल्या लोखंडी अँगलवर साडेत्र्याहत्तर किलोचं ओझं आहे, हे कूलर खिडकीला टांगताना लक्षात ठेवा. हजार लिटरची टाकी तर एक टन.

---

बर्डीवाली (गुरुवार, सकाळी १०:१५)

सगळ्यांचे आभार. किलोवाला पिपा आणला. आता एक शेवटचं. चिवड्यासाठी प्लॅस्टिकच्या बरण्या मागवल्यात, विकणारा "एक लिटरची" म्हणतो. लेबलवर ग्रॅम छापायचे आहेत. पातळ पोह्यांच्या चिवड्याची घनता किती धरायची?

---

लॅबमधला_उंदीर (गुरुवार, सकाळी १०:५०)

कुठल्याही कोष्टकात सापडणार नाही, शोधूही नका. रेतीवाल्या काकांनी सांगितलं तेच इथं, निम्म्याहून जास्त हवा. शेंगदाणे किती, खोबऱ्याचे काप किती, बरणी आपटून भरली की अलगद, यावर आकडा बदलतो. प्रवासात तो खाली बसेल आणि बरणी अर्धी रिकामी दिसेल, वजन तेवढंच राहील. म्हणून ग्रॅमच छापा, लिटर छापू नका.

आधी बरणी खरंच लिटरची आहे का बघा. रिकामी तोला, काठोकाठ पाणी भरून तोला, फरक जितके ग्रॅम तितके मिलि. आपल्या हवेत हजारात चार-पाचचा फरक पडेल, तो सोडून द्या. मग वाळवून चिवडा भरा, नेहमी भरता तसाच, आणि चार-पाच बरण्या तोला. सगळ्यांत कमी भरलेल्या बरणीचं वजन लेबलवर घ्या, सरासरी नको. सरासरी छापली तर निम्म्या गिऱ्हाइकांना कमी माल जाईल.

---

ठेचा_भाकर (गुरुवार, सकाळी ११:०५)

शेंगदाणे जास्त टाका ताई, घनता वाढते.